भीक, भिक्षा आणि बुडालेली मजुरी

मराठीत एकाच मुळापासून दोन शब्द आले आणि दोघांच्या वाट्याला दोन निराळी नशिबे आली. भिक्षा मागणाऱ्यापुढे आपण सुपात पसाभर ज्वारी घेऊन उभे राहतो, आणि भीक मागणाऱ्याला 'पुढे हो' म्हणतो. माझ्या लहानपणी सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या वाड्यात सोमवारी सकाळी जंगम येत. घंटेचा आवाज आला की आजी हातातले काम टाकून कोरान्न घेऊन उंबऱ्याशी जाई, डोक्यावर पदर घेई आणि झोळीत धान्य पडले की पाया पडे. त्याच उंबऱ्याशी दुपारी एखादी बाई कडेवर पोर घेऊन उभी राहिली तर तिलाही भाकरी मिळे, कारण आजी मनाने कठोर नव्हती; पण ती भाकरी वरून टाकली जाई, आणि बाई गेल्यावर उंबऱ्यावर पाणी मारले जाई. दोघांनी मागितले होते एकच, दिले गेले होते जवळजवळ तेवढेच. मधले अंतर पाण्याच्या त्या एका तांब्याएवढे होते, आणि ते मला पुष्कळ वर्षे दिसलेसुद्धा नाही.

सरकारी मराठीने या दोन शब्दांची आणखीच गंमत केली आहे. रस्त्यावर हात पसरणाऱ्या माणसाला ती 'भिक्षेकरी' म्हणते आणि त्याला जिथे कोंडून ठेवतात त्या जागेला 'भिक्षेकरी गृह'. झोळीतला सभ्य शब्द उचलून कोठडीच्या पाटीवर लावणे हे सरकारी भाषेलाच जमू शकते. या पाटीमागचा कायदा १९५९ सालचा आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा म्हणून तो ओळखला जातो आणि महाराष्ट्रात तो आजही आहे. त्यातली भीक मागण्याची व्याख्या एकदा शांतपणे वाचावी अशी आहे. सार्वजनिक जागी हात पसरणे तिच्यात येतेच. पण गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा एखादी वस्तू विकण्याचे निमित्त करून मागणेही येते, कुणाच्या खाजगी आवारात जाऊन मागणेही येते, आणि ज्याच्यापाशी उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नाही असा माणूस सार्वजनिक जागी भटकताना किंवा नुसता थांबलेला असताना तो मागूनच जगत असावा असे वाटले, तर तेही भीक मागणेच ठरते. म्हणजे तोंड उघडण्याचीही गरज नाही. पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात, दंडाधिकारी पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षे संस्थेत डांबू शकतात, आणि माणूस पुन्हा पुन्हा सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. २०२१ च्या जुलैमध्ये, करोनाच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा आपण असा उच्चभ्रू दृष्टिकोन घेणार नाही, हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे, असे न्यायालयाने सुनावले. महाराष्ट्रानेही या कायद्यातला शिक्षेचा भाग काढून टाकावा, असे माझे मत आहे. ते मत मी माणुसकीच्या नावाने मांडू शकलो असतो, पण माणुसकीची हाक आपल्याकडे लवकर विरते. मी ते जरा आडवाटेने मांडणार आहे, कारण या प्रश्नावर सर्वांत नेमके बोलून गेलेला माणूस इटलीतल्या एका कापड दुकानदाराचा मुलगा होता, आणि सोलापूरसारख्या कापडाच्या गावाला त्याची गोष्ट परकी वाटू नये.

असिसी गावचा फ्रान्सिस ११८१ च्या सुमारास जन्मला. बाप पिएत्रो दी बर्नार्दोने कापडाचा मोठा व्यापारी, आणि मुलगा पेढीवर बसणारा, पैसे उडवणारा. १२०६ मध्ये बापलेकांचा तंटा बिशपपुढे गेला, तेव्हा फ्रान्सिसने अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पायाशी ठेवले आणि तो वारसाहक्कातून मोकळा झाला. ज्या घरात माणसाची किंमत वाराने आणि गजाने मोजली जाते, त्या घरच्या पोराने कापडच परत करणे याचा अर्थ आमच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, दोन पिढ्या काढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. त्याच्याभोवती जमलेल्यांनी स्वतःला 'धाकटे भाऊ' म्हणवून घेतले. असिसीत तेव्हा बडे आणि धाकटे असे दोन वर्गच होते आणि त्यांची भांडणे रक्तापर्यंत जात. या मंडळींनी धाकट्यांची बाजू नावातच घेतली. १२०९ च्या सुमारास पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांना तोंडी संमती दिली आणि २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी त्यांची लिखित नियमावली मान्य केली.

ख्रिस्ती संन्यासी त्याआधी नव्हते असे नाही. पण जुने संन्यासी मठात राहत, आणि मठाला जमिनी, कुळे आणि गिरण्या असत. वैयक्तिक दारिद्र्य आणि सामुदायिक श्रीमंती अशी ती सोयीस्कर जोडी होती. तेराव्या शतकात शहरे वाढली, रोकड वाढली, आणि फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, कार्मेलाइट, ऑगस्टिनियन असे भिक्षुसंघ शहरांत उतरले. त्यांना 'फ्रायर' म्हणजे बंधू म्हणत. त्यांनी चार भिंतींच्या आत राहण्याऐवजी रस्त्यावर उपदेश करायचा आणि संघाच्या नावावरही मालमत्ता न ठेवता लोकांच्या दारात मागून जगायचे, अशी ही नवी तऱ्हा होती. १२७४ च्या लिआँ इथल्या धर्मपरिषदेने पुष्कळ लहान भिक्षुसंघ बंद केले, तेव्हा टिकले ते मुख्यतः हे चार.

आता १२२३ ची नियमावली १९५९ च्या कायद्याशेजारी ठेवून पाहावी. बंधूंनी घर, जागा किंवा कोणतीही वस्तू आपली म्हणू नये. पैसा किंवा नाणे स्वीकारू नये. या जगात वाटसरू आणि परके असल्यासारखे राहावे. विश्वासाने भिक्षा मागत हिंडावे आणि त्याची लाज बाळगू नये. आपल्या कायद्याने गुन्ह्याचे जे वर्णन केले आहे, ते या माणसांनी व्रत म्हणून घेतले होते. 'उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसणे' ही त्यांची दीक्षा होती. अर्थात कमरेला तीन गाठींचा दोर बांधलेल्या, तपकिरी झग्यातल्या कॅपुचिन या फ्रान्सिस्कन शाखेच्या बंधूला सोलापूर स्टेशनवर कुणी पोलीस हटकणार नाही, जसे ते जंगमालाही हटकणार नाहीत. कायदा लिहिताना झगा आणि लक्तरे यांत भेद केलेला नाही, तो बजावताना आपण करतो.

इथे सोलापूरकर मला अडवील, आणि त्याने अडवावेच. हे गाव कष्टाचे आहे. इथल्या ग्रामदैवताची कीर्ती चमत्कारापेक्षा खोदकामाची आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, तेव्हाच्या सोन्नलगीत, लोकांना हाताशी धरून तळे खणले, मंदिर उभारले, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापली. परंपरा सांगते की शरण संत अल्लमप्रभू या गावी आले तेव्हा माती-दगडांत रमलेल्या या योग्याला त्यांनी 'वड्डर' म्हणून डिवचले होते. आम्ही सोलापूरकरांनी त्यातला टोमणा विसरून तळे तेवढे लक्षात ठेवले, आणि दर संक्रांतीला नंदीध्वज खांद्यावर घेतो. बसवण्णांच्या शरण, म्हणजे लिंगायत, परंपरेने कायक, म्हणजे अंगमेहनतीने केलेले काम, हीच पूजा मानली, आणि त्यातून उरेल ते दासोहात, सर्वांच्या ताटात, घालायला सांगितले. पद्मशाली विणकर तेलंगणातून इथे आले ते मागाला पाय लावायला. तुकोबांनीही भिक्षापात्र धरून जगणे लाजिरवाणे म्हटले आहे. अशा गावाला 'मागणे हा गुन्हा नाही' असे सांगणे म्हणजे त्याच्या स्वाभिमानाला हात घालणे. अशोक चौकात सिग्नलला काच खाली न करणारा माणूस निर्दय असतोच असे नाही. बऱ्याचदा तो स्वतः चौदा तास राबून घरी चाललेला असतो आणि त्याला प्रामाणिकपणे वाटते की, मी राबतो, तर यानेही राबावे.

या आक्षेपाला तोलामोलाचे उत्तर फ्रान्सिसच्या मृत्युपत्रात आहे. १२२६ मध्ये, दृष्टी गेलेली आणि शरीर खंगलेले असताना, त्याने ते सांगून लिहवून घेतले; त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तो वारला, आणि २०२६ मध्ये त्याला आठशे वर्षे होतात. त्यात तो म्हणतो की, मी माझ्या हातांनी काम करत असे आणि अजूनही मला काम करायचे आहे. इतर बंधूंनीही प्रामाणिक काम करावे, ज्यांना येत नाही त्यांनी शिकावे, मजुरीच्या लोभाने नव्हे, तर आळस झडावा म्हणून. आणि मग पुढचे वाक्य येते: आमच्या कामाची मजुरी आम्हाला मिळाली नाही, तर आम्ही दारोदार मागत प्रभूच्या पंगतीकडे वळावे.

हा क्रम नीट पाहिला पाहिजे. आधी काम येते, मग मजुरी, आणि मजुरी बुडाली की भिक्षा. भारतात आणि युरोपातही भिक्षुसंघांची प्रतिमा बसून खाणाऱ्यांची झाली, आणि त्यातला बराच दोष त्यांच्याच पुढच्या पिढ्यांचा आहे. पण संस्थापकाच्या मनात मागणे हे श्रमाच्या विरुद्ध टोकाला नव्हते. ते श्रमाच्या शेजारी, त्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. कष्ट करूनही ज्याचे ताट रिकामे राहते त्याचा समाजाच्या ताटावर हक्क उरतो, आणि तो हक्क त्याने लाज न बाळगता सांगावा, असे त्याचे म्हणणे होते. कायक आणि दासोह यांची जोडी दुसरे काय सांगते? शरणांमधल्या आयदक्की मारय्याची गोष्ट आमच्या घरी सांगत. सांडलेले तांदळाचे दाणे वेचणे हेच त्याचे कायक होते. एक दिवस त्याने गरजेपेक्षा जास्त वेचून आणले, तेव्हा बायको लक्कम्माने त्याला ठणकावले की हाव राजाला शोभते, शरणाला नाही, जिथून आणले तिथे नेऊन टाक. सांडलेले दाणे वेचणे ही मजुरी नव्हे आणि भीकही नव्हे; तरी त्या परंपरेने तिला कामाचा दर्जा दिला. तिने वेचण्यावर बंधन घातले नाही, साठवण्यावर घातले. आमच्या कायद्याने नेमके उलटे केले आहे.

सोलापुरात मजुरी बुडणे ही काही पुस्तकी कल्पना नाही. १८७० च्या दशकात इथे पहिली कापड गिरणी आली आणि ती जुनी मिल म्हणून ओळखली गेली. मागोमाग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली, आणि गावाचे घड्याळ भोंग्यावर चालू लागले. मग एकेक भोंगा थांबला. गिरणीतला माणूस यंत्रमागावर गेला, यंत्रमागावरची चादर गेली आणि टॉवेल आला, आणि घरातल्या बाईने सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या. विडीचे काम हजारावर असते. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पान आणि तंबाखू मिळते. पान खराब निघाले किंवा कमी पडले तर ते पदरच्या पैशाने विकत आणावे लागते, आणि वळलेल्या विड्यांतून तपासणारा ज्या बाजूला काढतो त्या 'छाट' विड्यांची मजुरी हातात पडत नाही, विडी मात्र बाईला परत मिळेलच असे नाही. बाई काम करत नव्हती असे कुणीच म्हणू शकणार नाही, तरी महिन्याच्या हिशोबात तिचे काही तास कुणाच्याच खात्यावर दिसत नाहीत. पस्तीस-चाळीस वर्षे अशी गेल्यावर बोटे आखडतात, आणि तेव्हा तिच्यापाशी 'उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन' नसते.

श्रम आणि भीक यांना शत्रू ठरवणारा विचार आला कुठून, हे पाहायला पुन्हा त्या भिक्षूंच्या मागे जावे लागते. १२५० च्या दशकात पॅरिसच्या विद्यापीठात मोठा वाद पेटला. गिल्योम द सेंतामूर नावाच्या प्राध्यापकाने लिहिले की धडधाकट माणसाने मागून खाणे हे पाप आहे, त्याने राबावे. रोख फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन यांच्यावर होता, कारण ते अध्यापकांच्या जागा आणि धर्मगुरूंची दक्षिणा दोन्ही खात होते. बोनाव्हेंतुरा आणि थॉमस अक्विनास या दोन बड्या भिक्षूंनी त्याला उत्तरे दिली, १२५६ मध्ये पोपने त्या प्राध्यापकाचा ग्रंथ निषिद्ध ठरवला, आणि भिक्षुसंघ जिंकले. पण ते जिंकले कशाच्या जोरावर? आमचे दारिद्र्य स्वेच्छेचे आहे, म्हणून ते पवित्र आहे, या युक्तिवादावर. माझ्या मते इथे त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. स्वतःचा बचाव करताना त्यांनी झगा घातलेल्या भिकाऱ्याला सोडवून घेतले, आणि ज्याने दारिद्र्य निवडले नव्हते त्याला मागेच ठेवले. आजीच्या उंबऱ्यावरचा पाण्याचा तांब्या तिथेही होता.

मागे राहिलेल्यांचे काय झाले ते शंभर वर्षांतच दिसले. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडमधली माणसे इतकी मेली की मजूर मिळेनात आणि उरलेले जास्त मजुरी मागू लागले. १३४९ मध्ये राजाने वटहुकूम काढला: मजुरी प्लेगपूर्वीच्या दरानेच घ्यायची, काम नाकारायचे नाही, आणि धडधाकट भिकाऱ्याला दान देणाऱ्यालाच तुरुंगात टाकायचे. कारणही हुकमात लिहिले आहे, की भिकेवर जगता येते तोवर हे लोक कामाला येत नाहीत. भीकबंदी आणि मजुरीवरची मर्यादा एकाच कागदावर, एकाच शाईने लिहिलेली आहे. भीक बंद करण्यामागे नीती असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा कागद आठवावा. त्यात नीतीपेक्षा मजुराला स्वस्तात दावणीला बांधण्याची घाई जास्त दिसते.

भिक्षुसंघांच्या बाजूने एक माणूस मात्र उभा करता येतो. १५४० मध्ये स्पेनमध्ये गरिबांवर निर्बंध आले: तपासणी होऊन परवाना मिळाला तरच मागायचे, आणि तेही आपल्याच गावात. सालामांकाच्या दोमिंगो द सोतो या डोमिनिकन भिक्षूने १५४५ मध्ये त्याविरुद्ध लेखणी उचलली. गुन्हा केल्याशिवाय कुणालाही कुठल्या गावातून हाकलता येत नाही, आणि ज्या मुलखात पीक नाही तिथल्या गरिबाला सुबत्तेच्या मुलखात येऊन मागण्याचा अधिकार आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. पॅरिसमध्ये जे राहून गेले ते त्याने भरून काढले. झगेवाल्याने लक्तरांतल्या माणसासाठी वकिली केली, आणि त्याला दया न म्हणता हक्क म्हटले. दुष्काळात माण-सांगोल्याकडून माणसे या शहरात येतात, तेव्हा सोतोचा मुद्दा मला पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

हे सांगताना भिक्षुसंघांची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. त्यांचा इतिहास तरफदारीला फारसा जागा देत नाही. फ्रान्सिसला जाऊन चार वर्षे झाली नाहीत तोच, १२३० मध्ये, पोप नववे ग्रेगरी यांनी त्याचे मृत्युपत्र अनुयायांवर बंधनकारक नाही असे ठरवले, म्हणजे मजुरीचे ते वाक्यही गेले. मग मालकी आणि वापर यांची फारकत आली. घर, ग्रंथ, धान्य भिक्षूंनी वापरायचे. मालकी देणाऱ्याची, पुढे १२४५ पासून थेट पोपची. देवाच्या नावाचा सातबारा आणि वहिवाट पुजाऱ्याची, हे आपल्या इनामी जमिनींत पाहिलेल्याला ही युक्ती लगेच ओळखू येईल. १३२२ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी ही लटकी मालकी भिक्षूंच्या अंगावर परत टाकली. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बहुतेक संघांना उघडच मालमत्ता धरण्याची मुभा दिली. अपवाद ठेवला तो कॅपुचिन आणि ऑब्झर्व्हंट फ्रान्सिस्कन यांचा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या घसरणीची दोन टोके शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन भिक्षू समुद्रमार्गे ठाण्याला उतरले. त्यांच्यापाशी ना सैन्य होते, ना सनद. एका स्थानिक ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना घरात घेतले, पुढे काजीसमोर धर्माचा वाद झाला आणि ते मारले गेले. त्यांच्याबरोबरच्या जॉर्दन या डोमिनिकन भिक्षूने त्यांना मूठमाती दिली. सव्वादोनशे वर्षांनी फ्रान्सिस्कन पुन्हा आले ते वसईला, पोर्तुगीज राजाच्या छत्राखाली. आता त्यांना कुणाच्या दारात उभे राहायचे नव्हते, आणि मंडपेश्वरच्या शैव लेण्यात त्यांनी चर्च थाटले. पहिल्या चौघांना घर देणारा कुणीतरी इथलाच होता. दुसऱ्यांना त्याची गरज उरली नव्हती. मागणाऱ्याला यजमानाची मर्जी सांभाळावी लागते, त्याची भाषा शिकावी लागते, नकार ऐकावा लागतो. तिजोरी पाठीशी आली की हे सगळे सुटते. हा दोष केवळ त्या धर्माचा आहे असे मानून आपण समाधान करून घेऊ नये. ज्या-ज्या मठाच्या आवारात आज भाड्याचे गाळे उभे आहेत, त्या-त्या मठाचा जंगम किंवा गोसावी सोमवारी दारात यायचा थांबला आहे.

अजून एक बारकावा सांगून पुढे जातो. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, १२६५ व्या कलमात, खाजगी व्यक्तीने धर्मकार्यासाठी मागायचे असेल तर बिशपची लेखी परवानगी लागेल असे आहे, आणि भिक्षुसंघांचा मागण्याचा हक्क मात्र अबाधित ठेवला आहे. भिक्षूंचे पहिले काम आता शाळा, दवाखाने, प्रवचने हे असल्याने तो हक्क फारसा कुणी वापरत नाही. ज्यांना मागण्याचा अधिकार आहे त्यांना मागायची गरज राहिलेली नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांना अधिकार नाही.

सोलापूरला मागणाऱ्यांना कुंपणात घालण्याचा अनुभव इतर शहरांपेक्षा जास्त आहे. १८७१ मध्ये सुरू झालेला गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि इथे तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत उभी राहिली. आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा अशा जमातींची माणसे तिथे आत ठेवली होती. त्यांची हजेरी घेतली जाई, बाहेर जायला पास लागे, आणि गिरण्यांना मजूर हवे असत तेव्हा तेही इथूनच पुरवले जात. १३४९ चा इंग्लिश कागद इथे लोखंडी तार होऊन आला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या. त्यानंतर सातच वर्षांनी आलेल्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे हे शब्द कुठून आले असतील? वासुदेव गातो, पोतराज अंगावर आसूड ओढून घेतो, कुडमुड्या जोशी भविष्य सांगतो, डोंबारी दोरीवर चालतो. या सगळ्यांना गावगाड्यात बलुत्याच्या कडेकडेने का होईना एक जागा होती, आणि देणारा त्यांना भिकारी समजत नव्हता. कायद्याने एका ओळीत सगळ्यांना समजायला लावले.

टोळ्यांचा मुद्दा उरतो, आणि तो खोटा नाही. मुले पळवून, पांगळी करून भीक मागायला लावणारे लोक असतात. त्यांच्यासाठी वेगळे आणि पुरेसे कडक कायदे आहेत: बाल न्याय कायद्यात मुलाला भिकेला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मुलाला त्यासाठी पळवणे किंवा अपंग करणे हा फौजदारी संहितेतला गंभीर गुन्हा आहे. दिल्लीच्या निकालानेही दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यांविरुद्धचे कलम शाबूत ठेवले. टोळीप्रमुखाला पकडण्यासाठी म्हातारीला कोंडण्याची गरज नसते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये पुनर्वसनाची योजना आणली ती शिक्षेपेक्षा नक्कीच बरी आहे, पण 'भिक्षावृत्तीमुक्त भारत' हे तिचे घोषवाक्य मला खटकते. शहर भिकेतून मुक्त झाले हे मोजायला सोपे असते: चौक रिकामा दिसला की झाले. मजुरी बुडणे थांबले का, हे मोजायला ब्रँचच्या वह्या उघडाव्या लागतात.

आमच्या गल्लीत एक आक्का राहते. चाळीस वर्षे विड्या वळल्या. आता उजव्या हाताची दोन बोटे मिटत नाहीत. सोमवारी ती सिद्धेश्वराच्या वाटेवर कडेला बसते. एकदा मी तिथून जाताना तिला ओळखून थांबलो. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितले, "मी मागत नाही रे, नुसती बसते." त्या दिवशी ते मला केविलवाण्या सारवासारवीचे वाटले होते. कायद्याची व्याख्या वाचल्यावर कळले की तिने शब्द किती मोजून वापरले होते, आणि तरीही ते तिला वाचवू शकले नसते, कारण नुसते बसणेही त्या व्याख्येत बसते.

विडी कामगार भविष्यनिर्वाह निधीत येतो, आणि त्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. आक्काला ते मिळते, म्हणजे हयातीचा दाखला वेळेवर पोचला तर मिळते. मागच्या नोव्हेंबरात मी तिला दाखल्यासाठी घेऊन गेलो. यंत्रावर अंगठा ठेवायचा होता. चाळीस वर्षे कात्रीने पान कापून आणि तंबाखू दाबून अंगठ्याच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. यंत्राने तीनदा नाकारले. खिडकीमागच्या मुलाने ओल्या कपड्याने पुसून पाहायला सांगितले. आक्काने कपडा घेतला नाही. तिने पदराचे टोक जिभेवर ओले केले, अंगठा घासून पुसला, दिव्याकडे धरून एकदा पाहिला, आणि पुन्हा काचेवर ठेवला.